मातीखालची गार खोली

लातूरच्या आमच्या घराची वरची खोली उन्हाळ्यात नुसती भट्टी व्हायची. कूलरही गरम वारा फेकायचा. शेवटी नवऱ्याने गच्चीवर जाड प्लास्टिक अंथरलं, वर माती टाकली, हरळी लावली. खोली खरंच निवली. पावसाचं पाणी धो धो रस्त्यावर न पडता मातीत मुरायला लागलं, फुलपाखरं यायला लागली. गल्लीतले लोक बघायला यायचे आणि नवरा असा मिरवायचा, जणू मातीचा शोध त्यानेच लावला.

सासूबाई मात्र त्या खोलीत पाऊल टाकीनात. गावाकडचं त्यांचं माळवद, म्हणजे लाकडांवर रचलेलं मातीचं छत, भूकंपात कोसळलं होतं. सासरे त्याच्याखालीच गेले. तेव्हापासून सासूबाई पत्र्याखाली झोपत आल्या. आमच्याकडेही अंगणातल्या शेडमध्येच बाज टाकायच्या.

"भाजलं तर भाजलं. मातीखाली मी न्हाई निजणार."

नवऱ्याला गावाकडची एक खोड होती. छत गळू नये म्हणून मिरगाआधी माळवदावर मातीचा नवा थर देतात. हा गच्चीवर दरवर्षी तसाच थर द्यायचा. जुनी माती काढायचा नाही.

"अहो, स्लॅब आहे तो, शेत नाही," मी म्हणायचे.

"गवताला खुराक नको का?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

यंदा मे महिन्यात सासूबाई भरदुपारी शेडमध्ये चक्कर येऊन पडल्या. अंग तव्यासारखं तापलेलं. आम्ही त्यांना उचलून वरच्या खोलीत नेलं. डॉक्टर सलाईन लावून गेले. पुन्हा उकाड्यात ठेवलं तर हातच्या जातील, असं बजावून गेले.

संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले आणि छताकडे बघत राहिल्या. मग मलाही दिसलं. पंख्याच्या हुकापासून भिंतीपर्यंत भेग गेली होती.

"किती थर झाले?" त्यांनी विचारलं.

मी बोटांवर वर्षं मोजू लागले.

"तुझ्या सासऱ्यानंबी दरसाली टाकली. जुनी काढलीच न्हाई. भूकंपाचं नुसतं निमित्त झालं, पोरी."

तेवढ्यात वर पाण्याचा आवाज सुरू झाला. आईची खोली आणखी गार व्हावी म्हणून नवरा पाइप घेऊन माती भिजवत होता. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"बस कर म्हणावं त्याला. भिजली की लई जड व्हती माती."

मी खिडकीतून ओरडले. त्याला ऐकू गेलं नाही. उशीवर चुन्याची खपली पडली. मी सलाईनची सुई काढली आणि त्यांना ओढत जिन्याकडे नेऊ लागले. वरून त्याने खुशीत हाक मारली, "आता कसं, गार वाटतंय ना आईला?"