बुडायला तयार नसलेली पेटी

ती घटना आठवली की आजही आधी हसू येते आणि मग हात आपोआप डाव्या कानाकडे जातो. कानाचे काय ते शेवटी सांगतो. आमच्या खात्यात घटनाक्रम सोडून बोललेले चालत नाही, आणि निवृत्त झालो तरी ती खोड गेलेली नाही.

तेव्हा माझी नेमणूक हैदराबादेत काचीगुड्याच्या बाजूच्या एका ठाण्यात होती. आमचे घराणे जुन्या हैदराबाद संस्थानातले, शेती सोडून शहरात आलेले. घरात मराठी, रस्त्यावर दखनी आणि कचेरीत तेलुगू, अशा तीन भाषांत मी आयुष्यभर लोकांना दरडावत आलो. एका सकाळी हजेरी नुकतीच संपली होती. एक तरुण बाई हातात हेल्मेट धरून आत आल्या, माझ्या छातीवरची नावाची पाटी वाचली आणि थेट मराठीत म्हणाल्या, "साहेब, माझी पेटी चोरीला गेली."

बाई मूळच्या पुण्याच्या. इथल्या एका धर्मादाय दवाखान्यात त्या कानांची तपासणी करत. तान्ह्या बाळाला ऐकू येते की नाही हे सांगणारे एक यंत्र दवाखान्यात होते. बाळाच्या कानात छोटी बोंडी ठेवायची, यंत्र बारीक आवाज सोडते आणि कान आतून काय उत्तर देतो ते टिपते. यंत्र अतिशय नाजूक आणि अख्ख्या दवाखान्यात एकच. म्हणून ते लोखंडी पेटीत, पेटी कपाटात आणि कपाटाची किल्ली मोठ्या डॉक्टरांच्या खिशात, असा तिथला शिरस्ता.

बाईंनी हट्ट धरला होता की ज्यांना दवाखान्यात येणे जमत नाही त्यांच्या घरी यंत्र न्यायचे. त्यासाठी त्यांनी एक नवी पेटी मागवली. टणक प्लास्टिकची, काळी, एका हाताने उचलावी इतकी हलकी, झाकणाच्या कडेने रबर बसवलेली, आत पाणी शिरणार नाही अशी. मोठ्या डॉक्टरांनी ती बोटाने वाजवून पाहिली आणि हा तर जेवणाचा डबा आहे म्हणाले. शेवटी तडजोड झाली. बाईंनी महिनाभर पेटी वापरून बघावी, लेखी अभिप्राय द्यावा, मग ठरवू.

"आणि महिना संपायच्या आत हे झालं," बाई म्हणाल्या. "आता ते म्हणणार, लोखंडी पेटी कुणी उचललीच नसती. यंत्र मिळालं नाही तर घरोघरी जाणं कायमचं बंद. आज मलकपेठेत एका आठ महिन्यांच्या मुलीला तपासायचं होतं. तिच्या आईला मी शब्द दिलाय."

चोरीची तक्रार घेऊन आलेली माणसे बहुतेक वस्तूची किंमत आधी सांगतात. या बाईंनी किंमत विचारल्यावरच सांगितली, आणि ती सांगतानाही मलकपेठेचा पत्ता पुन्हा एकदा ऐकवला. त्या मला तिथेच आवडल्या.

गुन्हा नोंदवला आणि जागा पाहायला गेलो. बाई राहत होत्या ती जुनी तीन मजली इमारत. पेटी स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी ठेवून त्या विसरलेला मोबाइल आणायला वर गेल्या आणि खाली येईपर्यंत पेटी गायब. कॅमेरा होता, पण तो सोसायटीच्या सचिवांच्या मोटारीवर रोखलेला. त्यांच्या मोटारीला काही झाले नव्हते, एवढे मात्र त्यात स्वच्छ दिसले.

त्या दिवशी तिथे पाण्याचा दिवस होता. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येते आणि ते इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत साठते. तिला इथे 'संप' म्हणतात, महाराष्ट्रातल्या वाचकांनी घोषणा शोधू नयेत. पाणी यायला लागले की संपाचे लोखंडी झाकण उघडायचे, येता-जाता प्रत्येकाने आत डोकावून किती भरले ते बघायचे, आणि पाणी गेले की सचिवांनी झाकणाला कुलूप घालायचे. आम्ही पोहोचलो तेव्हा कुलूप लागलेले होते. मी त्या कुलपाशेजारी उभा राहून जबाब घेतले.

दुसऱ्या दिवशी आमच्या खबऱ्याने इराणी हॉटेलात माझ्या हेड कॉन्स्टेबलला गाठले. "वो अपना पुराना आदमी है ना, संप साफ करने का काम पूछते फिर रहा. सब अपार्टमेंटां में नहीं, एकीच में."

हा पुराना आदमी आम्हाला चांगला माहीत होता. हाताला लागेल ते उचलणारा, कुणाला बोटही न लावणारा आणि पकडला गेला की ठाण्यातल्या सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारणारा. त्याने कधी स्वतःचे ताटही धुतले असेल असे वाटत नव्हते. पुढच्या सकाळी त्याला बोलावून घेतले.

"साब, मेहनत करके खाना भी गुनाह हो गया क्या?" तो दुखावल्या सुरात म्हणाला.

"अजिबात नाही. संप कसा साफ करतोस ते सांग."

"साबण लगा के."

आमचे हेड कॉन्स्टेबल स्वतःच्या घरचा संप दरवर्षी उपसून, चुना आणि ब्लीचिंग पावडर टाकून साफ करणारे. ते इतके हसले की त्यांना बाहेर जावे लागले. पण हसण्याने गुन्हा उघड होत नाही. संप साफ करायची इच्छा असणे हा काही पुरावा नव्हे. दोन कप चहा पिऊन झाला तरी गडी साबणावरून हलेना. नंतर तर तो बोलायचाच थांबला.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. त्याच इमारतीतले लोक सचिवांना पुढे घालून आले होते आणि मागे बाईही होत्या.

"इन्स्पेक्टर साहेब, अर्ज घ्या," सचिव तावातावाने म्हणाले. "बाजूच्या बिल्डिंगवाल्यांनी मोटार लावून आमचं पाणी ओढलं बघा. परवा अर्ध्यातच धार बंद पडली. आज त्यांचा संप भरून रस्त्यावर वाहायलाय, अन् आमच्याकडं थेंब नाही. प्लंबर दोन दिवसांपासून उद्या येतो म्हणायलाय!"

मी नेहमीप्रमाणे 'गलका करू नका, एकेकाने बोला' म्हणणार, इतक्यात बाकावरचा आमचा गप्प पाहुणा एकदम ताठ बसला.

"संप में पानी पूरा खतम हो गया क्या, साब?"

त्याचा चेहरा उजळला होता. आपल्या घरात नसलेल्या पाण्याची इतकी चौकशी कुणी करत नाही. हेड कॉन्स्टेबलने माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले, आणि आम्ही सगळेच उठलो.

इमारतीत गेलो. सचिवांनी कुलूप काढले. झाकण उघडून थोडा वेळ हवा जाऊ दिली आणि मग हेड कॉन्स्टेबल बॅटरी घेऊन शिडीने खाली उतरले. तळाला घोटाभर पाणी होते. त्यांनी पायाने सगळा तळ चाचपला आणि खालून ओरडले, "साहेब, काही नाही इथं."

बाईंचा चेहरा पडला. त्याहून जास्त पडला तो चोराचा.

"यहींच डाला था साब, माँ की कसम!" तो झाकणाशी बसून आत बघत ओरडला. "मैं पेटी उठाया, उतने में लोगां आए, तो मैं अंदर छोड़ दिया. बाद में देखा तो ताला!"

पोलीस अधिकाऱ्याला कबुली मिळाली की आनंद होतो. मला मात्र त्या क्षणी कबुलीचे लोणचे घालू की काय असे झाले, कारण पेटी कुठेच नव्हती. तेव्हा बाई पुढे आल्या.

"तळाला नका शोधू. वर बघा. ती बुडत नाही."

हेड कॉन्स्टेबलने बॅटरी वर फिरवली. झाकणातून डोकावणाऱ्याला कधीच दिसणार नाही अशा पलीकडच्या कोपऱ्यात, नळाचा पाइप आणि भिंत यांच्या बेचक्यात, काळी पेटी घट्ट अडकून बसली होती. पाणी चढत असताना ती तरंगत तिथे गेली होती. टाकीत प्लास्टिकचा एक गोळा असतो. पाणी भरले की तो वर उचलला जातो आणि नळ आपोआप बंद होतो. तो गोळा पेटीच्या पाठीवर ऐटीत बसला होता. टाकी भरली अशी नळाची समजूत झाली. पुढे पाणी उतरले, पण पेटीही हलली नाही आणि गोळाही. बाजूच्या बिल्डिंगवाल्यांनी काहीच केले नव्हते.

पेटी ओढून काढताच गोळा खाली आला आणि धो धो पाणी सुरू झाले. हेड कॉन्स्टेबल नखशिखांत भिजून वर आले. रहिवाशांनी टाळ्या वाजवल्या, त्या आमच्यासाठी की पाण्यासाठी ते मी विचारले नाही.

"डूबी कायकू नहीं ये?" चोर अजून तेच विचारत होता.

"हलकी आहे म्हणून," बाई त्याला म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, पण आवाजात परीक्षेत पहिला नंबर आल्याचा तोरा होता.

पंचांसमक्ष पेटी उघडली. सचिव पंच म्हणून होते. त्यांनी आतल्या स्पंजावर हात फिरवला आणि 'पापडासारखं कोरडं आहे' असे सांगितले. मी पंचनाम्यात फक्त 'कोरडे' लिहिले.

यंत्र चालते का हेही पाहायला हवे होते, म्हणून ठाण्यात बाईंनी मलाच खुर्चीवर बसवले. उजवा कान उत्तम. डाव्या कानाशी त्या बराच वेळ थांबल्या. "साहेब, या कानाची नीट तपासणी करून घ्या." माझी बायको हे कित्येक वर्षे सांगत होती, बहुधा डाव्या बाजूने. चोरानेही आपले कान बघा म्हणून हट्ट धरला. त्याचे दोन्ही कान फर्मास निघाले. त्याच्या धंद्यात तेच लागतात.

न्यायालयाच्या परवानगीने पेटी बाईंच्या ताब्यात दिली आणि माझे काम संपले. तरी मलकपेठेला मी त्यांच्याबरोबर गेलो. मुलगी आजीच्या मांडीवर झोपली होती. "लई गुणाची पोर बघा," आजी कौतुकाने सांगत होती. "भांडी पडू द्या, फटाके वाजू द्या, हूं की चूं नाही." बाईंनी एक कान तपासला, दुसरा तपासला, पुन्हा पहिला तपासला. मग त्यांनी यंत्र बाजूला ठेवले आणि मुलीच्या आईचा हात हातात घेतला. आजी बोलता बोलता थांबली. मला तिथे उभे राहवेना.

दवाखान्यात पुढच्या तपासण्या झाल्या आणि मुलीला कानामागे लावायचे यंत्र मिळाले. बाईंनी आपल्या अभिप्रायाला माझ्या पंचनाम्याची प्रत जोडली. मोठ्या डॉक्टरांनी पेटी मंजूर केली, फक्त स्कूटरला बांधायला साखळी घ्या एवढी अट घातली.

चोऱ्या पकडण्यात माझा सगळा जन्म गेला. गप्प बसणारा माणूस शहाणा आणि गलका करणारा उपद्रवी, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. या प्रकरणात गप्प होते त्यांच्यापैकी एकाने पेटी लपवली होती आणि एका जिवाचे दुःख कुणालाच कळले नव्हते. ज्यांच्या भांडणाला मी वैतागलो होतो त्यांनी मला पेटीपर्यंत नेले. त्यानंतर ठाण्यात मी लोकांना पोटभर ओरडू देऊ लागलो.

पुढे एका दुपारी बाईंचा फोन आला. मी तो डाव्या कानाला लावला, कारण तोवर माझ्याही कानात यंत्र आले होते. मलकपेठेच्या त्या घरात कुकरची शिट्टी झाली होती आणि मुलगी दचकून, भोकाड पसरून रडली होती. कुणी तिला गप्प करायला तयार नव्हते. आजी शेजारीपाजारी पेढे वाटत सुटली होती, आणि फोनमधून ते रडणे मलाही स्वच्छ ऐकू येत होते.