आतल्या खोलीतली हाळी

आमच्या राजेश्रीबद्दल बोरीत कुणी काही बोललं की माझं डोस्कं फिरतं. ती माझी धाकली जाऊ. घरात मी तिला दिवसभर टाकून बोलते, तो माझा हक्क हाय, पण बाहेरच्यानं बोलायचं काम न्हाई. परवा नळावर एक जण माझ्या तोंडावर पचकली, "का गं चंदा, तुझ्या जावंनं सासऱ्याचा हात धरला म्हणं?" धरला. माझ्या डोळ्यादेखत धरला. काहून धरला ते आधी ऐका, मग काय बोलायचं ते बोला.

राजेश्री पालमकडची. आमच्यासारखीच मेंढरं राखणाऱ्या घरातली, पण बापानं तिला शिकू दिलं. परभणीला मोबाइल दुरुस्तीचं शिकली आन लग्न होऊन आल्यावर आमच्या ओसरीत टेबल मांडून बसली. तिचा नवरा, माझा दीर अमृत, ट्रकवर असतो, कधीमधी घरी येतो. आत्याबाईला, म्हणजे आमच्या सासूला, बायनाबाईला, हे टेबल बिलकुल पसंत नव्हतं. "बाई माणूस पेचकस घेऊन बसली, लोकं काय म्हणतील?" लोकं काय म्हणणार, लोकं फोन घेऊन यायला लागली. त्यातबी बायाच जास्त. गड्याच्या हातात फोन दिला की दुरुस्ती ऱ्हाती बाजूला आन तो फोटोच बघत बसतो, हे सगळ्या बायांना ठाऊक हाय. राजेश्री कुणाचा फोटो बघत न्हाई आन कुणाचं बोलणं ऐकत न्हाई. माझंबी ऐकत न्हाई. काम करताना तिला हाक मारली तर भिंतीला हाक मारल्यासारखं होतंय. तिचा चहा मी किती वेळा गरम केला असंल, देवाला ठाऊक.

आता मामांचं सांगते. मुंजाजी मामा, आमचे सासरे. सगळा जन्म मेंढरात गेला. त्यांच्या हाळीची गोष्ट आख्ख्या बोरीला माहीत हाय. सांजच्याला बांधावर उभं ऱ्हाऊन "हाऽऽ यो यो योऽऽ" अशी हाळी मारली की माळावर पसरलेला कळप मान वर करायचा आन धावत मेंढरांच्या वाड्यात यायचा. कुत्रं लागत नव्हतं, काठी लागत नव्हती. पण जन्मभर तंबाखू. गळ्यात गाठ निघाली आन दवाखान्यात सांगितलं की आवाजाची पेटीच काढावी लागंल. जीव वाचला, आवाज गेला. शीळसुद्धा गेली, कारण वारा तोंडातून येतच न्हाई, गळ्याला पाडलेल्या भोकातून येतो.

आपरेशनच्या आदल्या दिवशी राजेश्रीनं मामांना त्यांचाच जुना फोन घेऊन वाड्यापाशी नेलं. त्यात एक ॲप टाकलं होतं, मोठं लाल बटण दाबलं की भरून ठेवलेला आवाज वाजायचा. "मामा, एकदा मनापासून हाळी मारा," म्हणली. मामांनी मारली. मी चुलीपाशी होते, माझ्या अंगावर काटा आला. दवाखान्यातून आल्यावर मामा त्या फोनला भोंगा जोडून बटण दाबायचे आन मेंढरं यायची. बोलता येत नव्हतं, पण सांजच्याला मामांचं तोंड उजळायचं.

फोन ते कुणाच्या हातात देईनात. राजेश्रीनं मागितला, "मामा, आवाजाची एक नक्कल काढून ठेवते," म्हणून विनवलं. मामा मान हलवायचे, छातीशी धरायचे. त्यांचा गळाच होता तो, कोण देईल? आन एक दिवस बटण दाबलं तर बटणच न्हाई. पडद्यावर नुसतं लिहून आलं की ॲप नवीन करून घ्या. नवीन कुठून करणार, बनवणाऱ्यानं दुकान बंद केलेलं. हाळी त्या फोनात होती, पण ॲपच्या आत कोंडून पडली होती.

मग काय हाल झाले काय सांगू. माझे मालक, गोपाळ, त्यांनी बांधावर जाऊन हाळी मारली. मेंढरांनी वर बघितलं आन परत चरायला लागली. मी तर हसून हसून बेजार झाले, पण रात माळावर काढणाऱ्या कळपात लांडगा शिरला आन कोकरं उचलून नेली तेव्हा हसू पळालं. दुसऱ्या खेपेला एक गाभण मेंढी गेली. मामांनी ते रगत बघितलं आन घरी येऊन हातवारे करून सांगितलं, कळप विकायचा. दसरा झाला की व्यापाऱ्याला बोलवायचं. एकदा मामांनी ठरवलं की ठरवलं. आत्याबाई चुलीकडं तोंड करून रडली. मेंढरं गेली तर हा माणूस कशाला उठंल सकाळी, ही भीती आमाला सगळ्यांनाच होती, पण बोलायचं कुणी?

राजेश्रीनं तेवढं एकच सांगितलं, "मामा, दसऱ्यापर्यंत फोन माझ्याकडं द्या." ह्या खेपेला मामांनी दिला. त्यांच्या लेखी तो फोन मेलाच होता.

तिनं मला समजावून सांगितलं ते तुमाला सांगते. फोन आपला असला तरी त्याच्या आतल्या खोलीची किल्ली आपल्याकडं नसते. ती मिळवणं म्हणजे रूट करणं. फोनचा पुरा मालक होणं. "मग हो की मालक, थांबलीस काहून?" मी म्हणलं. तर म्हणाली, "आक्का, कुलूप तोडून आत जायला लागलं तर हा फोन आधी आतलं सगळं पुसून टाकतो, मग दार उघडतो. चोराच्या हाती काही लागू नये म्हणून तसं केलेलं असतंय. दार उघडंल, पण हाळी नसंल." दुसरी एक वाट होती. असल्या जुन्या फोनात कुलूप न तोडता थोडा वेळ आत शिरता येतं. पुसलं काही जात न्हाई, पण फोन बंद पडला की किल्ली गेली. आन फोनची बॅटरी तर फुगून मेलेली, वायरीवरच जीव धरून होता.

ती घाई करीना. भंगारातून तसलाच फोन शोधून आणला आन आधी त्याच्यावर करून बघायली. एकदा तो गोठला, एकदा बंद पडला. मामांच्या फोनातलं सिम काढलं, नेट बंद केलं, कुठूनबी मिळंल ते ॲप टाकायचं न्हाई म्हणली, त्यातच चोर बसलेले असतात. आमच्या मालकांना हे सगळं नखरे वाटायले. ती नदीवर धुणं घेऊन गेली आन ह्यांनी कुठलासा व्हिडिओ बघून मामांचा फोन हातात घेतला. मी भाकरी थापायले. बघते तर पडद्यावर सगळं इंग्रजी लिहिलेलं आन मालक बाजूचं बटण दाबायच्या बेतात.

"काय लिहिलंय ते?" मी विचारलं.

"हो का न्हाई विचारायलंय. हो म्हणतो."

तेवढ्यात राजेश्री दारात. डोक्यावरलं धुण्याचं घमेलं तिनं तिथंच टाकलं, धुतलेलं सगळं मातीत. "भावजी, हात काढा!" अशी ओरडली की शेजारची कोंबडी उडाली. आजवर भावजींसमोर मान वर न केलेली पोरगी. फोन काढून घेतला, वाचलं आन खालीच बसली. तिथं लिहिलं होतं की हो म्हणलं तर फोनातलं सगळं कायमचं जाईल. मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं. मी त्यांना जे बोलले ते इथं सांगण्यासारखं न्हाई.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्यात हत्यारांची पूजा असती. कातर, कोयता, कुऱ्हाड, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं आन त्या दिवशी त्यातल्या कशाला म्हणून हात लावायचा न्हाई. हत्याराला इसावा. राजेश्रीनं पहाटंच उठून काम संपवायचं ठरवलं होतं. पण ती आंघोळीला गेली आन आत्याबाई, भली बाई, टेबलापाशी गेली. तिच्या मनात आलं, धन्याचं खरं हत्यार तर हा फोन. तिनं हळद कालवली, कुंकू कालवलं आन फोनला चांगलं बोटभर लावलं. वर, खाली, बाजूला. खालच्या भोकात, जिथं वायर जाती, तिथं ओलं कुंकू जाऊन बसलं.

राजेश्रीनं बघितलं आन तिचा चेहरा पांढरा फटक पडला. उद्यावर टाकलं तर ओलं कुंकू आत गंजून बसंल, म्हणून पूजा झाली तरी ती थांबली न्हाई. दातकोरणं घेतलं, ब्रश घेतला, जराशा थिनरनं भोक साफ करत बसली. वायर लावली तर फोन चालू होई, सोडली की बंद. शेवटी वायर एका बाजूला दाबून धरली तेव्हा फोन टिकला. डाव्या हातानं वायर दाबून धरायची आन उजव्या हाताच्या एका बोटानं फोनला जोडलेल्या तिच्या लॅपटॉपवर लिहायचं. मी शेजारी उभी. मला म्हणाली, "आक्का, आता कुणाला आत येऊ देऊ नका."

पहिल्या खेपेला जमलं न्हाई. फोन तसाच थिजून बसला. तिच्या कपाळावरून घाम डोळ्यात जायला, मी पदरानं पुसला. दुसऱ्या खेपेला लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावरच्या ओळीच्या शेवटी जे चिन्ह होतं ते बदललं. राजेश्रीनं श्वास सोडला. "आत गेलो," म्हणली. मग हळूहळू एक एक अक्षर लिहायला लागली. आतल्या खोलीतून हाळी उचलायची आन लॅपटॉपवर आणायची, एवढंच ऱ्हायलं होतं.

आन मामा आले.

मी धावत दारात आडवी झाले, पण सासऱ्याला अडवू कशी? त्यांनी बघितलं, हळदकुंकू लावलेला आपला फोन, खंडेनवमीला, वायरी लावून सुनेनं उघडा मांडलेला. पूजेच्या हत्याराला हात! मामांचे डोळे लाल झाले. गळ्यातल्या भोकातून सूं सूं वारा यायला लागला. बोलता आलं असतं तर त्या दिवशी घर दणाणलं असतं. ते सरळ टेबलाकडं गेले आन त्यांनी वायर धरली, उपसून काढायला.

राजेश्रीनं त्यांचं मनगट धरलं.

माय माय! आमच्यात सून सासऱ्यासमोर बाजेवर बसत न्हाई. पाया पडायचं ते लांबून, भुईला हात लावून. आन हिनं उघड्या डोक्यानं, पदर खांद्यावर पडलेला, म्हाताऱ्याचं मनगट मुठीत घट्ट धरलेलं. मागून आत्याबाई "अगं ए, काय करायलीस!" म्हणून किंचाळली. मामा हिसका द्यायले. ती सोडीना. जन्मभर कुऱ्हाड चालवलेला हात तो. तरी डाव्या हातातली वायर तिनं तसूभर हलू दिली न्हाई. दोन्ही हात गुंतलेले.

"आक्का!" ती दात दाबून म्हणाली. "ते मोठं बटण. उजवीकडचं. दाबा."

मी जन्मात त्या लॅपटॉपला हात लावला नव्हता. सासऱ्यांच्या हाताखालून हात घातला आन दाबलं. लागलं तर लागलं, म्हणलं. लॅपटॉपच्या पडद्यावर एक ओळ आली, थांबली. मामांनी शेवटचा हिसका दिला, वायर निघाली आन फोनचा पडदा काळा पडला. परत काही तो उजळला न्हाई.

मामांचा दम लागलेला. राजेश्रीनं त्यांचा हात सोडला, मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले होते. ती लॅपटॉपकडं वळली. मी देवाचं नाव घ्यायले. तिनं कुठंतरी बोट लावलं आन त्या पिचक्या स्पीकरातून, खरखरत, पण तीच, "हाऽऽ यो यो योऽऽ" आली.

मामांनी दोन्ही हात गळ्यावर ठेवले. आत्याबाई दारातच बसली. राजेश्री आता रडायला लागली, हुंदके देऊन, "मामा, चुकलं माझं, हात धरला," म्हणायली आन भुईला डोकं टेकायली. मामा तिच्याकडं बघत न्हाईत. ते लॅपटॉपकडं बोट करून खुणवायले, आनखी एकदा, आनखी एकदा. तिनं रडत रडतच लावलं. मग त्या आवाजाच्या इतक्या नकला काढल्या तिनं, माझ्या फोनात, मालकांच्या, अमृतभावजींना पाठवली, आत्याबाईच्या साध्या फोनातबी घातली.

पण मेंढरं? यंत्रातून काढलेली हाळी त्यांना पटंल का, ही धास्ती होतीच. सांजच्याला आमी सगळे बांधावर गेलो. मालक म्हणले, व्यापाऱ्याला नको म्हणायचं का, ते मग बघू. मामांनी भोंगा हातात घ्यायला नकार दिला. भ्याले होते हो, दुसरं काय. मेंढरांनी मान वर केली न्हाई तर काय, ह्याला भ्याले. ते लांब चिंचेखाली जाऊन उभे ऱ्हायले, पाठ करून. राजेश्रीनं माझा फोन भोंग्याला जोडला, डोक्यावर पदर घेतला आन हाळी लावली.

कळप थांबला. चरणं थांबलं. मग पुढची काळी मेंढी निघाली आन तिच्यामागं सगळी, धूळ उडवत, बें बें करत, सरळ राजेश्रीकडं. चिंचेखाली मामा उभे होते, त्यांच्या दोन्ही अंगांनी मेंढरं निघून गेली. एकबी थांबली न्हाई. मामांनी वळून बघितलं. आपलं सगळं गणगोत सुनेभोवती गोळा झालेलं, तिच्या लुगड्याला नाक लावायलेलं.

मला वाटलं, आता हा माणूस मोडला. मी राजेश्रीला खुणावलं, बंद कर म्हणून. तिचा हात बटणाकडं गेला, तर मामांनी लांबून हात वर केला. बंद करू नको.

आन मग मामा निघाले. काठी टेकत, धुळीतून, मेंढरांच्या मागं मागं, आपल्याच हाळीला चालत आले आन कळपात जाऊन उभे ऱ्हायले.