गोलजवळचं पाणी

अप्पा गेल्याचं मला गिरणीत कळलं. पट्ट्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून शेजारची काशीबाई दारात उभी राहून हातवारे करत होती. मोटार बंद केली तेव्हा ती म्हणाली, "घरी चला, अप्पा गेले." चक्कीत एका बाईची ज्वारी अर्धी उतरली होती. मोटार पुन्हा चालू केली, तिचं पीठ तिच्या डब्यात भरलं आणि मग घरी गेले. त्यावरून लोक नंतर बोलले. बोलोत. गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडलेलं अप्पांनाही आवडलं नसतं.

अप्पा म्हणजे माझे सासरे, शिवलिंगअप्पा. लातूरच्या जुन्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांना जाऊन दीड महिना झाला. श्रद्धांजलीच्या सभेत एका पुढाऱ्याने सांगितलं की बहात्तरच्या दुष्काळात अप्पांनी गावाला पाणी दाखवलं, त्यांचे उपकार हा जिल्हा विसरणार नाही. हे ऐकताना माझं डोकं तापलं. कारण त्या पाण्यावर खणलेली विहीर पुढे याच पुढारी मंडळींनी बुजवली. शिवाय त्या पाण्याची किंमत काय पडली ते सभेत माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. ते माहीत असलेला दुसरा माणूस सभेला आलाच नव्हता.

अप्पा फुटबॉल खेळायचे हे आता सांगूनही खरं वाटत नाही. धोतर, कपाळाला भस्म, मापाची पट्टी हातात... पण निजामाच्या अमलात इकडे लीग चालायची. लातूर, उदगीर, मुखेड, नायगाव, नांदेड, सगळीकडून संघ यायचे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, उदगीर बीदरमध्ये, नांदेड स्वतंत्र जिल्हा. पण लीगला ती हद्द नव्हती. कुणी बैलगाडीने यायचं, कुणी सरकारी मोटारीने. पोलिसांचा संघ बूट घालून खेळायचा, बाकीचे अनवाणी. शिट्टी अमीनसाहेबांच्या, म्हणजे फौजदाराच्या, माणसाकडे. पोलिसांवर गोल होणार असं दिसलं की ती आधीच वाजायची. शेवटच्या सामन्याला छावणीतला कुणी इंग्रज खुर्चीत येऊन बसायचा आणि ढाल पोलिसांना देऊन जायचा. अप्पा म्हणायचे, "वर इंग्रज, त्याच्या खाली निजाम, त्याच्या खाली अमीन, आन् समद्यांच्या खाली आमी, बिनाबुटाचे."

त्यांच्या गोलात गफूरचाचा उभे राहायचे. चाचा पिंजाऱ्याच्या घरातले, गाद्या भरायचं दुकान अप्पांच्या दुकानाला लागूनच. मैदानाचा उत्तरेकडचा कोपरा वरून कोरडा दिसतो पण आतून ओला असतो, हे चाचांनी शोधलं होतं. भर उन्हाळ्यातही तिथे पाय रुतायचा, चेंडू पडला की उसळायचा नाही. मग संघाने एक रीत पाडली. पाहुण्या संघाला मोठ्या अदबीने उत्तरेकडची चिंचेच्या सावलीची बाजू आधी द्यायची. पाहुणे खूश. दुसऱ्या डावात बाजू बदलली की दमलेले पाहुणे त्याच कोपऱ्यावर चाल करून यायचे आणि फसायचे. ही गोष्ट संघातल्या गड्यांशिवाय कुणाला सांगायची नाही, बायकोलासुद्धा नाही, असा नियम होता.

एका वर्षी पोलिसांचा थोराड गडी तिथे असा रुतला की बूट चिखलात राहिला आणि पाय बाहेर आला. लातूर जिंकलं. अमीनसाहेबांनी सगळ्या संघाला ठाण्याच्या आवारात उन्हात उभं केलं. "जमीन में क्या किया?" गफूरचाचा म्हणाले, "हुजूर, जमीन सरकार की है, हम क्या करेंगे?" त्यांना थप्पड बसली. संध्याकाळपर्यंत उभे होते, पण एकानेही तोंड उघडलं नाही. अप्पांना आयुष्यात कशाचा अभिमान असेल तर त्या दिवसाचा.

पुढे रझाकारांच्या धामधुमीत अप्पा निजामाच्या हद्दीपलीकडे निघून गेले. तेव्हा चाचा एकटेच मैदानावर चुन्याच्या रेघा मारत राहिले. पोलीस अॅक्शननंतर मुसलमानांवर सूड निघाला आणि चाचांना घर सोडून लपायची पाळी आली, तेव्हा रेघा अप्पांनी मारल्या. दोघंही परत आले. लीग मात्र आली नाही. कोण कुठे गेलं, कोण मेलं, कुणी विचारलंही नाही. तरी दर दसऱ्याला हे दोघं चुन्याची बादली घेऊन जायचे. खेळायला कुणी नसायचं.

बहात्तर साली मी या घरात सून होते आणि मला फुटबॉलशी घेणंदेणं नव्हतं. मला हंडा भरायचा होता. आड आटले होते, टँकरमागे बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. सरकारी विहिरीसाठी जागा बघायला साहेब आले, दोन ठिकाणी खणलं, खडक लागला. अप्पा टंचाईच्या कमिटीवर होते. त्यांनी साहेबाला सरळ मैदानावर नेलं आणि कोपरा दाखवला. पाणी भरपूर लागलं. गावाने अप्पांना हार घातला.

चाचा दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यापाशी आले. बसले नाहीत.

"शिवा, कोपरा दाखवलास म्हनं."

"गावाला पाणी पायजे, गफूर."

"नगं कोन म्हनलं? मला इच्यारलास का?"

"तू न्हाई म्हनला असतास."

"मी कुदळ घिऊन तुझ्या म्होरं गेलो असतो! अमीनाची थप्पड मी खाल्ली, आन् तू साहेबाच्या जीपमधी बसून..." चाचा ओट्यापासून मागे सरले. "म्या त्या हिरीचं पाणी पिनार न्हाई."

"मग तहानंनं मर."

"मरतो. तुझ्या बापाचं काय जातंय?"

अप्पांचं चुकलंच होतं. पाणी दाखवण्यात नव्हे, न विचारण्यात. साहेबाशेजारी जीपमध्ये बसायची हौस त्यांना होती, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगितलं आहे. आणि चाचांचा रुसवा तरी कुणाच्या डोक्यावर आला? राबियाचाचीच्या. घरापाशी विहीर असून ती टँकरला जाऊन उभी राहायची. मी आमच्याबरोबर तिचाही हंडा भरायला लागले आणि मागच्या दाराने द्यायला लागले. "यांना सांगू नको, अप्पांनाबी नको," असं तिने माझ्याकडून वचन घेतलं. ते मी पाळलं.

लातूर जिल्हा झाला तेव्हा पेढे वाटले गेले. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या हव्या होत्या, साहेबांना बंगले हवे होते. उरलेलं मैदान मोजलं गेलं. आता नळ येणार, विहीर कशाला, असं म्हणून विहिरीत मुरूम टाकायला सुरुवात झाली. अप्पा बघायला गेले. पलीकडच्या बाजूला चाचाही येऊन उभे होते. गाड्या रिकाम्या होत होत्या आणि हे दोघे समोरासमोर, मध्ये धुरळा. एकाने जरी हाक मारली असती... नाही मारली. अप्पा घरी येऊन जेवले नाहीत. "मैदानबी गेलं, पानीबी गेलं," एवढंच म्हणाले. गफूरचं नाव घेतलं नाही. शेवटपर्यंत नाही. माणूस शेजारच्या दुकानात बसतो आणि दहा-बारा वर्षं त्याच्याशी बोलायचं नाही, याला मी मानीपणा म्हणत नाही. मूर्खपणा म्हणते.

चाचा मातीला आले नाहीत, सभेलाही नाही. मागच्या आठवड्यात आले, काठी टेकत. राबियाचाची जाऊन तीन वर्षं झाली. वचनातून मी मोकळी होते. पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि सांगून टाकलं, "चाचा, दुष्काळात तुम्ही विहिरीचंच पाणी प्यायलात. मी भरत होते."

"ठाऊक हाय बेटी. टँकरच्या पान्याला लोखंडाचा वास येत व्हता. ह्येला नव्हता." त्यांनी तांब्या उचलला. "पयल्याच दिशी कळलं मला."

"मग अप्पांना सांगायचं होतं. तुम्ही त्या विहिरीचं पाणी पिणार नाही, हे त्यांना फार लागलं होतं."

चाचांनी पाणी संपवलं, तोंड पुसलं.

"त्यानं इच्यारलं न्हाई," म्हणाले.

मला त्यांच्या हातातला तांब्या हिसकावून घ्यावासा वाटला. घेतला नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी येतात. चाचा यायचे बंद झाल्यापासून अप्पा ओट्याच्या अगदी कडेला, खांबाला टेकून बसायचे, इतकी वर्षं बाकीचा ओटा मोकळा टाकून. मी दहादा म्हटलं असेल, अप्पा, मध्ये सरका, पडाल. सरकले नाहीत. चाचा येऊन त्या मोकळ्या जागेत बसतात, खांबाकडची कड सोडून. गिरणीची पोती ठेवायला मला हा ओटा हवा आहे. मधली जागा चाचांची आणि कडेची अजून अप्पांची. पोती आतच ठेवली आहेत.