कोरडा जोड
एपॉक्सीच्या दोन ट्यूब कालवल्या, की त्या उग्र वासाने मला नव्वदच्या दशकातलं, उत्तरेतल्या दूधविनायक मोहल्ल्यातलं आमचं घर आठवतं. आजारी वडिलांच्या खाटेमागे गीझरचा तांब्याचा पाइप जोडावर गळत होता. मिस्त्रीने जोडाला कथलाचा डाग द्यायला, बत्ती पेटवण्यासाठी काडीपेटी काढली, पण उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर दिसताच परत खिशात ठेवली. "दीदी, यहाँ आग नहीं जलेगी," म्हणत त्याने तांबं घासून लखलखीत केलं, वडिलांना वास नको म्हणून गच्चीत एपॉक्सी कालवून आणून जोड चिकटवला. दुसऱ्या दिवशी न बोलावता येऊन त्याने नळ सोडला. "गुरुजी, जरा हाथ लगाके देखिए." वडिलांनी हात जोडावरून फिरवला. "कोरडा आहे गं," ते म्हणाले आणि कित्येक दिवसांनी हसले. त्याच थंडीत ते गेले. आम्ही सगळे त्यांनाच तपासत होतो. त्यांनाही काही तपासायला द्यावं, हे फक्त त्या मिस्त्रीला सुचलं होतं.