बबनचा दोरा

गाडी उताराला लागली तेव्हा मी आत एकटी होते, आणि मला सायकलसुद्धा येत नाही. डावीकडे भाजीची हातगाडी, उजवीकडे उघडं गटार. मागून बबन अनवाणी धावत ओरडत होता, "वयनी, स्टेरिंग सोड गो! ती सरळ जातली!"

बबन माझ्या नवऱ्याच्या गावचा, म्हणून मी त्याची वयनी. विक्रोळीला आमच्या चाळीच्या वरच्या अंगाला त्याचं गॅरेज होतं. गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरा ताणायचा आणि त्यावरून चाकं सरळ लावायचा. मशीनवर विश्वास नाही. कुठेही वाद निघाला की म्हणायचा, "दोऱ्याक विचार." माझी फळी, शेजारणीचा देव्हारा, सगळ्याला त्याने दोरा लावला. मी म्हणायची, "मेल्या, एकदा तुझ्या भांगाला लाव."

ती लाल गाडी मुलुंडच्या एका दातांच्या डॉक्टरची. जुनी, शर्यतीची, दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली. बबनने तिच्या स्प्रिंगा बदलल्या. पण रिकाम्या गाडीची चाकं लावून उपयोग नाही म्हणाला. मालक बसला की स्प्रिंग दबते, ती दबली की चाकं तिरकी होतात. डॉक्टरला वेळ नव्हता. बबनने मला भंगारवाल्याच्या काट्यावर उभं केलं आणि खूश झाला. "तू आणि डाक्टर एकाच वजनाची!"

"रेतीचं पोतं ठेव की."

"पोता घसारता, वयनी. तू जाग्यावरून हलणस नाय."

सकाळभर मी बसले. तो खाली दोरा बघत होता, मी वर मेथी निवडत होते. काम झालं. मग त्याला लिंबं आठवली. गाडी कुणाचीही असो, चाकाखाली लिंबं ठेवल्याशिवाय तो ती बाहेर काढत नसे. लिंबं ठेवायला त्याने चाकांना अडसर म्हणून लावलेल्या विटा काढल्या. हँडब्रेकची तार त्यानेच सोडून ठेवली होती. लिंबं फुटली आणि आम्ही निघालो, मी आणि मेथी.

स्टेरिंग मी घट्ट धरलं होतं. बबन मासळीच्या भावाबद्दल खोटं बोलायचा, दारूबद्दल खोटं बोलायचा. दोऱ्याबद्दल कधीच नाही. मी हात सोडले.

गाडी हातगाडी आणि गटार यांच्या मधून गेली आणि खाली नव्या इमारतीच्या रेतीच्या ढिगात रुतली. बबन आला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रस्त्यावर वाकून लिंबांच्या रसाने उमटलेले चाकांचे ओले पट्टे बघत राहिला.

"वयनी, बघ! केसभर तिरकी जाऊक नाय!"

मी चप्पल काढली. पहिली त्याला लागली, दुसरी चुकली.

पुढे डॉक्टर व्यायाम करून निम्मा झाला. आता म्हणतो, गाडी एका बाजूला ओढते. ओढणारच. ती माझ्या वजनाला लावलेली आहे. पण ते डॉक्टरला सांगायला बबन नाही. गेल्या वर्षी जेवता जेवता छातीत कळ आली आणि गेला. उतारावर गाडीत होते ती मी. मी अजून आहे.