खालून दुसरी ओळ

लढाईचे किस्से आम्हा माजी सैनिकांकडे तसे थोडेच. एकाहत्तरची लढाई पंधरवड्यात आटोपली. पण गावातल्या स्मारकासाठी जी लढाई लढलो, ती नव्वद सालानंतर सुरू झाली आणि तिचे किस्से संपता संपत नाहीत! स्टँडसमोरच्या हॉटेलात रोज सकाळी आम्ही तिघं चहाला बसतो. आर्टिलरीतले सुभेदार तात्या, सायकलचं दुकान चालवणारा मारुतीराव आणि लष्कराच्या सिग्नल कोअरमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेला मी. एकानं सुरुवात केली की दुसऱ्याला पुढचा किस्सा आठवतो. चहा गार होतो आणि आमची डोकी तापतात.

*

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, नीरेच्या काठचं. चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळातला एक दगड आहे. पहिल्या महायुद्धाला इथून किती माणसं गेली आणि किती मेली, एवढंच त्यावर कोरलंय. नाव एकाचंही नाही. त्यात चावडी रंगवताना रंगाऱ्यानं त्याच्यावरही चुना फासला! आम्ही तिघं ब्रश घेऊन दगड घासत बसलो, तर तात्या कडाडले, "गोऱ्या सायबानं मेंढरं मोजल्यावानी माणसं मोजली, आन् आपल्या सायबानं तीबी पुसली!"

शेजारी सोनाआत्या येऊन उभी राहिली होती. तिचा बबन मेंढरं सोडून पलटणीत गेला आणि एकाहत्तरात पडला. अग्नी तिकडंच दिला. घरी आली ती तार आणि ट्रंक. नरसिंहपूरच्या संगमात सोडायला आईच्या हातात चिमूटभर राखसुद्धा आली नाही. आत्या मला म्हणाली, "हवालदार, आमच्या बबनचा आकडा करू नगा. नाव लिवा."

गावात स्मारक करायचं, ते त्या दिवशी ठरलं.

*

ग्रामपंचायतीनं ठेका दिला आणि स्मारक झालं. संगमरवरी फरशी बसली. उद्घाटनाच्या दिवशी पडदा सरकला आणि आम्ही बघतच राहिलो. वर ज्यांच्या शुभहस्ते ते साहेब, मग प्रमुख उपस्थिती, मग अध्यक्ष, मग सरपंच, उपसरपंच, झाडून सगळे सदस्य आणि शेवटी ठेकेदार! सगळे छान खोल कोरलेले. शहीद जवान तीन, ते एकदम तळाला, ऑइलपेंटनं रंगवलेले!

मारुतीरावानं ठेकेदाराला धरलं. तो म्हणाला, "कोरायला वर जागाच न्हाय उरली, मारुतीराव."

"आरं, पोरं मेली म्हणून तर फरशी लागली!"

"व्हय, पन कार्यक्रम जित्या मान्सांचा हाय न्हवं?"

एका पावसाळ्यात ऑइलपेंट धुऊन गेला. बबनचा नुसता 'ब' उरला. मग आम्ही बारामतीहून कोरक्या आणला आणि तो हातोडी खाली ठेवेपर्यंत उन्हात त्याच्याजवळ बसून राहिलो. तिन्ही नावं कोरून घेतली. तळालाच, पण दगडात.

आत्याला वाचता येत नाही. मी तिचं बोट धरून बबनच्या नावावरून फिरवलं. "खालून दुसरी ओळ," तिनं मनाशी घोकलं. तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी ती भाजीची पाटी खाली ठेवते आणि त्या ओळीवर हात ठेवून उभी राहते, पोराला ताप आहे का बघावं तशी. मग पाटी उचलून निघते.

*

स्मारकाभोवती आम्ही साखळी लावली. गळीत हंगाम सुरू झाला आणि भवानीनगरच्या कारखान्याला ऊस नेणाऱ्या एका गाडीवानानं त्या साखळीला बैल बांधला! तात्या काठी घेऊन धावले. "लाज वाटती का? हे काय दावणीचं ठिकान हाय?"

गाडीवान शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, "तात्या, हितं पोस्टर लावत्यात, थुकत्यात, लघवीला बसत्यात. माझा बैल मारका हाय. तो उभा हाय तवर एकबी जवळ येत न्हाय."

तात्यांनी काठी खाली घेतली. खरंच तो हंगामभर स्मारक स्वच्छ राहिलं! जे काम ग्रामपंचायतीनं करायला हवं होतं ते एका बैलानं केलं, आणि त्याचं नाव मात्र फरशीवर नाही.

*

मग आला पंधरा ऑगस्ट. पाहुणे म्हणून कुठलेसे नवे अधिकारी आले होते. त्यांना गावाची काही माहिती नाही आणि चष्मा जीपमध्ये राहिलेला. "आता आपण या थोर शहिदांना श्रद्धांजली वाहू," असं म्हणून त्यांनी फरशीवरची नावं वाचायला घेतली. वरून! उद्घाटनाचे साहेब शहीद झाले. अध्यक्ष शहीद झाले. सरपंच शेजारी हार घेऊन उभे होते, तेही शहीद झाले! ग्रामसेवक त्यांचा शर्ट ओढत होता, तरी गडी थांबेना. ठेकेदारापर्यंत येऊन ते थकले आणि म्हणाले, "या सर्वांच्या आत्म्याला शांती लाभो. दोन मिनिटं शांत उभे राहू."

सगळं गाव उभं राहिलं. सरपंचांनीसुद्धा डोळे मिटले! मारुतीरावाला हसू आवरेना आणि मला संताप आवरेना. त्या शांततेत सोनाआत्यानं हळूच विचारलं, "हवालदार, बबनचं कवा घेत्यात?"

मारुतीरावाचं हसू तिथंच थांबलं.

*

आणि मग निवडणूक लागली. त्या वर्षांत आचारसंहिता एकदम कडक झाली होती. पुढाऱ्याचं नाव जिथं दिसेल तिथं झाका, असा हुकूम. एका सकाळी तहसीलची जीप आली. माणसांनी आख्ख्या फरशीवर गोणपाट गुंडाळलं आणि सुतळीनं करकचून बांधलं.

तात्या चहा टाकून उठले. "सायेब, वरचं झाका, खुशाल झाका! खालची तीन नावं तेवढी उघडी ठेवा. ती आमची पोरं हायती."

जीपमधले साहेब खाली उतरलेसुद्धा नाहीत. "दगड एकच आहे ना? मग सगळाच झाकायचा. मतदारांवर प्रभाव पडतो."

"मेलेल्या पोरांचा?"

"नियम म्हणजे नियम, सुभेदार."

नेमका बाजारचा दिवस होता. आत्या आली. पाटी खाली ठेवून तिनं सवयीनं हात पुढं केला, तर हाताला गोणपाट लागलं. तिनं खालून वर चाचपलं, पुन्हा खाली चाचपलं. ओळच सापडेना.

"हवालदार, ह्ये काय केलंय?"

"आत्या, निवडणूक हाय. उभं ऱ्हानाऱ्यांची, पार्टीवाल्यांची नावं दिसू द्यायची न्हाईत, म्हणून झाकलंय."

आत्यानं पाटी तिथंच सोडली. मग डोक्यावरचा पदर नीट करून सरळ जीपपाशी गेली आणि खिडकीच्या काचेवर बोटानं वाजवलं. साहेबांनी काच खाली केली.

"सायेब, माझ्या बबनला कंच्या पार्टीनं तिकीट दिलंय?"