उन्हात ठेवलेला हात

नाशिकरोडला गाडीत चढलो तेव्हा माझ्याजवळ एकच बॅग होती, आणि ती कपड्यांचीच आहे असा माझा ठाम समज होता. मनमाड गेल्यावर टॉवेल काढायला म्हणून चेन उघडली, तर आत सुया, दोऱ्याची रिळं, कात्र्या, मांजरपाटाची मोठी घडी आणि रंग ढवळायची लाकडी पळी. कपड्यांची बॅग घरी सोफ्यावर. बायकोला फोन केला. ती म्हणाली, "मी केव्हाच बघितली. म्हटलं, तुझ्या लक्षात कधी येतं ते बघू." आयुष्यभर कापड रंगवून आणि ती कला शिकवून पोट भरलेला माणूस अशा रीतीने अंगावरच्या एका जोडीनिशी हैदराबादला निघाला.

जायचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. शालूताई माझी थोरली बहीण. लग्न होऊन हैदराबादला गेली ती तिथलीच झाली. तिच्या सासरी पिढ्यान् पिढ्या वकिली. घरात मराठी बोलतात, पण भांडण रंगात आलं की उर्दूत शिरतात. तिला कर्करोग निघाला, उपचार झाले, तो परत आला, परत उपचार झाले. आता डॉक्टर पुन्हा दाखल व्हा म्हणत होते आणि ताई नाही म्हणत होती. भाऊजींचा फोन आला, "विनायकराव, माझं म्हणणं तिनं फेटाळलंय. तुमचं अपील कदाचित चालेल. सुट्टीला म्हणून या, पण तिला दवाखान्यासाठी तयार करूनच जा."

सिकंदराबादला उतरलो तेव्हा सकाळ होती, तरी ऊन असं की रिक्षाचा दांडा धरवेना. हिमायतनगरच्या तिसऱ्या मजल्यावर दार ताईनेच उघडलं. डोक्याला सुती रुमाल, आणि गाऊनमध्ये ती कुठेतरी होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिने बॅगेकडे बघितलं.

"काय आणलंस?"

"सुया."

"हौ का?" (हौ म्हणजे हो, इतक्या वर्षांत तिचं 'हो' गेलंच होतं.) "मला वाटलं, त्या फक्त मलाच टोचायला आणतात."

कपड्यांचा प्रश्न भाऊजींनी सोडवला. त्यांनी कोर्टाच्या पांढऱ्या पँटी काढून दिल्या. भाऊजी उंच आणि पोटाने भरलेले. मी दोन्हीत कमी. खाली दुमड आणि वर नाडी असा मी सगळा उन्हाळा त्या शहरात हिंडलो.

पहिल्याच दुपारी ताईने माझं अपील ऐकायच्या आधीच अटी घातल्या. "ह्यांनी तुला कशाला बोलावलंय ते मला कळतं. एकदाच विचारायचं, आणि जायच्या आधी विचारायचं. तोवर खेळ माझ्याशी." लहानपणी आम्ही शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्या गोळा करून दिवसभर अंगणात पसारा घालायचो. तिला तो पसारा हवा होता. मीही मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आपण हळदीने कापड रंगवू. रसायनं नकोत, सगळं नैसर्गिक.

म्हणून आमची पहिली सहल बेगम बाजारात. तिथल्या मसाल्याच्या गल्लीत शिरलं की मिरची आधी नाकाशी बोलते, मग दुकानदार तोंडाशी. मी शिंकत असताना एका दुकानदाराने माझी पँट बघून आदराने विचारलं, "वकीलसाब, क्या होना?" (काय हवं?) मी पाच किलो हळद मागितली. त्याने घरात लग्न आहे का विचारलं. मी म्हटलं, लग्न नाही, कापड रंगवायचंय. तो माझ्याकडून ताईकडे वळला.

"भाई है मेरा," ताई म्हणाली. "थोडा हौला है." हौला म्हणजे खुळा. दुकानदाराने समजुतीने मान हलवली आणि मापावर आणखी एक मूठ टाकली.

तेवढ्या चालण्याने ती दमली होती. परतताना रिक्षात तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. मी बाहेरच्या पाट्या मोठ्याने वाचत राहिलो, कारण गप्प बसलो असतो तर विचारून बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी बादलीत हळद उकळून मांजरपाट बुडवला, पिळला आणि गच्चीवर अंथरला. रंग असा आला की माझा मलाच अभिमान वाटला. वारा होता, म्हणून हाताला लागेल ते कापडावर दाबायला ठेवलं: कढईवरचं झाकण, पिठाची चाळणी, किल्ल्यांचा जुडगा, माझी मोठी कात्री. मग खाली येऊन दहीभात खाऊन झोपलो. संध्याकाळी वर गेलो तर माझा पिवळाधमक रंग आजारी मुलाच्या तोंडासारखा झाला होता.

मी विद्यार्थ्यांना कच्च्या रंगांवर तास-तास बोलतो. हळद उन्हात टिकत नाही हे माझं पहिलं वाक्य असतं. ताई दारात उभी राहून हसत होती. "पोळीवाल्या बाईलाही ठाऊक असतं, हळदीचा डाग उन्हात जातो. मला सकाळीच कळलं होतं. पण तू इतक्या ऐटीत अंथरत होतास."

चिडून मी झाकण उचललं. खाली पूर्ण गोल, गडद पिवळा, पौर्णिमेचा चंद्र होता. चाळणीखाली कडं आणि आत भोकांची अंधूक नक्षी. कात्री तर जशीच्या तशी. ऊन जिथे पोचलं नव्हतं तिथे हळद शाबूत होती. ताई हसायची थांबली. वाकायला तिला त्रास व्हायचा, तरी वाकून तिने कात्रीच्या आकारावरून बोट फिरवलं.

"अजून काय काय ठेवता येईल रे?"

आमचा उन्हाळा तिथून सुरू झाला. सकाळी ऊन तापायच्या आत आम्ही वस्तू मांडायचो आणि सूर्य कलल्यावर उचलायचो. कडुलिंबाची डहाळी, तिच्या बांगड्या, झारा, भाऊजींचा पांढरा गळपट्टा, शेजारच्या तेलुगू बाईंनी दिलेली आंब्याची पानं. त्या बाई रोज "चाला एंडा, अम्मा" (फार ऊन आहे) म्हणून ताईला खाली पिटाळायच्या आणि स्वतः मात्र कापड बघत उभ्या राहायच्या. एकदा मी माझा चष्मा ठेवला आणि दिवसभर तो घरात शोधत राहिलो. संध्याकाळी तो कापडावर सापडला, दोनदा: एकदा काचेचा, एकदा हळदीचा.

ताईच्या तोंडाची चव औषधांनी नेली होती. काहीही खाल्लं तरी लोखंड चाटल्यासारखं लागतं म्हणायची. फक्त मुंजल (ताडगोळे) खायची. "त्याला मुळात चवच नाही," ती म्हणाली, "म्हणून त्यात फसवणूक होत नाही." भाऊजी रोज भल्या पहाटे जाऊन ते घेऊन यायचे, आणि ताडगोळे सोलताना मला विचारायचे, "तारीख कधीची घेताय?" मी म्हणायचो, योग्य वेळ बघतोय.

एक दिवस तिला दिलसुखनगरला जायची हुक्की आली. तिथे ती लग्नानंतर काही वर्षं शिकवायला जायची, त्या रस्त्यावर आंबे छान मिळायचे. मेट्रोने गेलो. सरकत्या जिन्यावर एका हाताने ताईला आणि एका हाताने पँट धरलेली, त्यामुळे टोकन धरायला हात उरला नाही. ते गडगडत खाली गेलं आणि मी उलट्या जिन्यावरून त्याच्यामागे. ताई वर पोचून कठड्याला धरून हसत होती. हसता हसता तिचा चेहरा पांढरा झाला. दिलसुखनगरला उतरून रस्त्यावर आलो, तर तिची शाळा नव्हती आणि आंब्याची गाडीही नव्हती. होत्या त्या क्लासेसच्या पाट्या आणि पाठीवर दप्तरं घेतलेल्या मुलांचे लोंढे. ती एका क्लासच्या पायरीवर बसली. एका मुलीने न विचारता आपली पाण्याची बाटली पुढे केली. ताई प्यायली.

"इथं बसून राहिले तर ॲडमिशन देतील का?"

मुलगी हसली. मला हसता आलं नाही. डोळे बंद करून बसलेल्या ताईचं मनगट माझ्या हातात होतं, आणि मी कापडवाला माणूस; हातात काय उरलंय ते मला न बघता कळतं. आंबे न घेताच आम्ही परत आलो.

त्यानंतर ती बाहेर पडली नाही. फक्त गच्चीवर यायची. एका सकाळी म्हणाली, "सगळ्यांचं ठेवून झालं. आता मी." मी म्हटलं, तुला दिवसभर उन्हात कोण ठेवणार? मग तोडगा निघाला. आणलेल्या हळदीतून मी एक नवं कापड रंगवलं. रोज कोवळ्या उन्हात ती खुर्चीवर बसायची, पुढच्या स्टुलावर ते कापड, त्यावर तिचा उजवा हात. ऊन कडक झालं की घडी करून कपाटात. पण हात रोज नेमका तिथेच कसा पडणार? कधी केसभर इकडे, कधी तिकडे. त्यामुळे तो पंजा काठाला विरघळलेला उमटत होता. "पाचाची सात झाली की रे बोटं," ती बघून म्हणायची. "मला आणखी काम लावायचा विचार दिसतोय तुझा."

माझं परतीचं तिकीट उद्यावर आलं. हात कापडावर होता, म्हणजे ती उठून जाऊ शकत नव्हती. मी माझं अपील दाखल केलं. तयारी पुष्कळ केली होती; भाऊजींनी मुद्देही लिहून दिले होते. तोंडातून एवढंच निघालं, "ताई, जायचं का परत दवाखान्यात?"

"नक्को रे."

मग म्हणाली, "तिथल्या खिडकीला काळी काच आहे, विन्या. सकाळ झाली तरी नर्सने सांगितल्यावर कळते. ते बरं करणार असते तर तेही सोसलं असतं. डॉक्टरने तसं म्हटलं नाही. मी नीट विचारलं त्याला." हात हलला नाही. "ह्यांना तू सांग. माझ्याच्याने सांगवत नाही. मी तोंड उघडलं की ते ताडगोळे सोलायला लागतात."

मी कलाकार असल्यामुळे मला लगेच कच्चा रंग, ऊन आणि आयुष्य अशी एक उपमा सुचली. ताईने माझं तोंड बघितलं. "काही सुचलं असलं तर गिळून टाक," ती म्हणाली. मी गिळलं.

भाऊजी स्वयंपाकघरात खट्ट्या दाळीला चिंच कोळत होते. मी आंब्यांवरून सुरुवात केली, मग मेट्रोचं टोकन, मग हवामान.

"विनायकराव, निकाल सांगा."

"नाही म्हणाली."

त्यांनी गॅस बंद केला. "कारण?"

"तिथून ऊन दिसत नाही."

ते चिंचेचा हात तसाच धरून उभे राहिले. मग म्हणाले, "उभ्या हयातीत हा मुद्दा मला कुठल्या कोर्टात मांडता आला नसता." थोड्या वेळाने म्हणाले, "खोडताही आला नसता. तुम्ही माझे वकील म्हणून आला होतात."

"हो."

"फुटलात."

"हो," मी म्हटलं. त्यांनी नळाखाली हात धुतला, धुतच राहिले.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही गच्चीवर होतो तेव्हा जिन्यात पावलं वाजली. भाऊजी काळी छत्री घेऊन आले. ताईच्या मागे उभे राहून त्यांनी ती अशी धरली की सावली तिच्या डोक्यावर आणि खांद्यावर पडावी, पण हातावर पडू नये. ऊन सरकलं की तेही वीतभर सरकत होते. शेवटी ताई म्हणाली, "अहो, पाय दुखतील. बसा."

"तारीख पडेपर्यंत उभं राहायची सवय आहे मला," भाऊजी म्हणाले.

ताईने मान मागे करून त्यांच्याकडे बघितलं. मी कडुलिंबाकडे बघत राहिलो.

निघताना तिने ते कापड मला दिलं. भाऊजींनी आपला वकिलीचा जुना काळा गाऊन काढला आणि त्यात ते गुंडाळून दिलं. त्यातून ऊन जाणार नाही म्हणाले. ताई दारापर्यंत आली. पुढच्या वेळी कपड्यांची बॅग आण, एवढंच म्हणाली. जिना उतरताना माझी पँट पायात आली, मी दोन पायऱ्या घसरलो, आणि वरून तिचं हसणं ऐकू आलं. पडल्याचं मला अजून बरं वाटतं.

घरी आल्यावर बायकोने त्या पँटी धुऊन वाळत घातल्या. हळदीचे डाग उन्हात गेले.

ताई श्रावणात गेली. आपल्याच खोलीत, सकाळी, पडदा उघडा असताना. पुढच्या वेळेची बॅग मी विसरलो नाही. त्यात घालायचे सगळे कपडे पांढरे होते.

ते कापड आता माझ्या कपाटात सर्वांत खाली असतं. प्रदर्शनासाठी विचारणा होते, मी नाही म्हणतो. बघायचं तर उजेड लागतो, आणि उजेडात काढलं की ते थोडं कमी होतं. म्हणून मी खिडक्या लावून, पडदे ओढून, चोरासारखं बघतो, आणि धड काही दिसत नाही. इतकं जपून मी नक्की काय जपतो, ते मला सांगता येणार नाही.

दिवाळीनंतर भाऊजी नाशिकला राहायला आले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, दाखवा. मी पडदे ओढले आणि गाऊनची घडी उलगडून कापड जमिनीवर पसरलं. त्यांनी अंधारात डोळे बारीक केले. मग उठून खिडकीशी गेले आणि पडदा सरकवला.

"तिनं उन्हासाठी मला हरवलं," ते म्हणाले. "तुम्ही अंधारात काय ठेवताय?"

ऊन सरळ कापडावर आलं. विरघळल्या काठांचा, सात बोटांचा पिवळा पंजा हैदराबाद सोडल्यापासून पहिल्यांदाच नीट दिसला. भाऊजी गुडघे धरून हळूहळू खाली बसले आणि त्यांनी आपला हात त्यावर ठेवला. त्यांचा हात मोठा; खाली सगळं झाकलं गेलं. ते तसेच बसून राहिले, आणि ऊन त्यांच्या हाताच्या पाठीवर पडत राहिलं.